दृष्टीआड सृष्टि

‘दृष्टीआड सृष्टि’ ही आपल्या भाषेंतील म्हण व्यवहारांत फार उपयोगी पडते. जें आपल्या नजरेसमोर घडत नाहीं त्याची चौकशी करीत बसूं नये, त्यानें मनाला व्यर्थ ताप होतो, असा तिचा शहाणपणाचा अर्थ आहे. आणि संसारी मनुष्यानें तो पाळला तर त्याची रात्रीची झोंप तरी सुरक्षित राहते. परंतु गेल्या शंभर वर्षांत ज्योतिःशास्त्रानें जे शोध लाविले त्यांमुळें या म्हणीला अक्षरशः खरा असा दुसराच एक अर्थ प्राप्त झाला आहे. आकाशांतील सृष्टीचा फार मोठा भाग खरोखरच दृष्टीआड चालला आहे, आणि तो एकदां तिकडे गेला म्हणजे कोणत्याहि दुर्बिणीनें पुन्हां दिसावयाचा नाहीं. अशा वेळीं म्हणीचा जुना अर्थ आपल्याला पुरतो काय? जें दिसेनासें झालें त्याचें सत्यत्वहि नाहींसें होतें काय? आणि तें दिसत असतां ज्यांनीं पाहिलें त्यांच्यावर कांहीं कर्तव्य येऊन पडतें काय? या प्रश्नांचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम प्रकाशाच्या वेगाकडे पाहूं. डोळ्यांनीं पाहिलें तें खरें आणि ऐकलें तें संशयास्पद, हा भेद आपण लहानपणापासून करीत आलों आहों. आपल्या नैयायिकांनींहि प्रमाणांच्या गणनेंत प्रत्यक्षाला पहिला मान दिला. या प्रत्यक्षाच्या पोटांतच एक विलंब दडलेला आहे ही गोष्ट १६७६ सालीं पॅरिसच्या वेधशाळेंत ओले रोमर या तरुण डॅनिश ज्योतिष्यानें उघडकीस आणिली. गुरूच्या त्या वेळीं माहीत असलेल्या चार चंद्रांपैकीं सर्वांत जवळच्या चंद्राला सुमारें साडेबेचाळीस तासांच्या अंतरानें ग्रहण लागतें. पृथ्वी गुरूपासून दूर जात असली म्हणजे हीं ग्रहणें उत्तरोत्तर उशिरा दिसतात, आणि ती जवळ येत असली म्हणजे लवकर दिसतात. रोमरनें सप्टेंबरांतच सांगून ठेविलें कीं, येत्या नोव्हेंबरांतील ग्रहण गणितापेक्षां दहा मिनिटें उशिरा दिसेल. आणि तें तसेंच दिसलें. उशीर चंद्राला होत नव्हता, त्याची वार्ता घेऊन येणाऱ्या प्रकाशाला होत होता. पृथ्वीची कक्षा आरपार ओलांडण्यास प्रकाशाला बावीस मिनिटें लागतात असा रोमरचा हिशेब होता. खरा आंकडा साडेसोळा मिनिटांच्या आसपास आहे. आंकड्यांत चूक राहिली, तत्त्व मात्र टिकलें. वेधशाळेंतील वरिष्ठ ज्योतिषी कॅसिनी यांना तें पटलें नव्हतें. परंतु पुढें ब्रॅडलीनें ताऱ्यांच्या वार्षिक चलनावरून तेंच सिद्ध केलें, आणि १८४९ सालीं फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञानें फिरत्या दांतेरी चाकाच्या साहाय्यानें प्रकाशाचा वेग जमिनीवरच मोजून दाखविला. १९८३ पासून तर हा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा कायमचा धरून त्यावरूनच मीटर या मापाची व्याख्या केली जाते. आइन्स्टाइनच्या १९०५ सालच्या सिद्धान्तानें यांत आणखी एक भर घातली. अवकाशांतून जाणारी कोणतीहि वस्तु किंवा कोणताहि निरोप या वेगाची मर्यादा ओलांडूं शकत नाहीं.

याचा परिणाम असा कीं, आपण जें जें पाहतों तें तें भूतकाळांतलें असतें. सूर्य दिसतो तो सव्वाआठ मिनिटांपूर्वींचा. व्याधाचा तारा साडेआठ वर्षांपूर्वींचा, अभिजित् पंचवीस वर्षांपूर्वींचा. आज ध्रुवाचा जो किरण आपल्या डोळ्यांत शिरतो तो तेथून निघाला तेव्हां मराठी राज्याची स्थापनाहि झालेली नव्हती. देवयानी नक्षत्रांतील जी प्रचंड दीर्घिका काळोख्या रात्रीं नुसत्या डोळ्यांना फिकट डागाप्रमाणें दिसते, तिचा प्रकाश सुमारें पंचवीस लाख वर्षांच्या प्रवासानें येथें पोहोंचलेला असतो. तात्पर्य, ज्याला आपण प्रत्यक्ष म्हणतों तेंहि एका दूतानें आणिलेलें पत्रच होय. पत्र लिहिणारा आज आहे कीं नाहीं हें पत्रावरून कळत नाहीं.

या विलंबाबद्दल कोणी खेद करील तर तें योग्य होणार नाहीं. प्रकाश क्षणार्धांत सर्वत्र पोहोंचता तर आकाशांत आपल्याला केवळ वर्तमानकाळ दिसला असता, आणि विश्वाचा इतिहास जाणण्याचा मार्गच बंद झाला असता. प्रकाश सावकाश येतो म्हणूनच दूर पाहणें म्हणजे पूर्वींचें पाहणें होतें. १९६४ आणि १९६५ सालीं अमेरिकेंतील होल्मडेल येथें पेन्झियस आणि विल्सन या दोघांना त्यांच्या आकाशवाणी-यंत्रांत एक मंद खरखर सतत ऐकूं येऊं लागली. यंत्रांत घरटें केलेल्या कबुतरांना हांकलून आणि त्यांची घाण साफ करूनहि ती थांबेना. ती सृष्टीच्या बाल्यावस्थेंतील तेजाची अवशिष्ट ऊब होती. विश्वाचें वय आज सुमारें १,३८० कोटि वर्षें मानितात, आणि हें तेज तें अवघें ३ लाख ८० हजार वर्षांचें असतांना निघालेलें आहे. विलंबाच्या कृपेवांचून तें आपल्यापर्यंत आलेंच नसतें.

आतां दुसऱ्या शोधाकडे वळूं. १९१२ सालीं अमेरिकेंतील फ्लॅगस्टाफच्या वेधशाळेंत व्हेस्टो स्लायफर यानें चक्राकार तेजोमेघांचे वर्णपट घेण्यास आरंभ केला. त्यांतील बहुतेकांच्या रेषा तांबड्या बाजूकडे सरकलेल्या आढळल्या. म्हणजे ते आपल्यापासून दूर जात होते. ते किती दूर आहेत हें मात्र कोणास ठाऊक नव्हतें. तें मोजण्याची काठी हार्वर्डच्या वेधशाळेंतील हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीनें दिली. अल्प वेतनावर कांचेच्या तबकड्यांवरील ताऱ्यांच्या ठिपक्यांची तपासणी करणें हें तिचें काम. तें करतां करतां तिला दिसून आलें कीं, एका जातीच्या रूपविकारी ताऱ्यांत ज्याचा लखलखाट मोठा त्याचा कमीअधिक होण्याचा कालहि मोठा. त्या काठीनें एडविन हबल यानें १९२३ सालीं देवयानींतील तेजोमेघाचें अंतर काढलें आणि तो आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचा आहे हें दाखविलें. त्याचा सहकारी मिल्टन ह्यूमसन हा पूर्वीं माउंट विल्सनच्या डोंगरावर खेंचरांवरून सामान वाहून नेत असे. पुढें तो कुशल वेधकार झाला. १९२९ सालीं हबलनें नियम मांडला कीं, जी दीर्घिका जितकी दूर तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक. रशियन गणिती फ्रीडमन यानें १९२२ सालीं आणि बेल्जियन धर्मगुरु लमेत्र यानें १९२७ सालीं, आइन्स्टाइनच्याच समीकरणांवरून विश्व प्रसरण पावत असावें असें काढलें होतें. परंतु खुद्द आइन्स्टाइनला तें प्रथम रुचलें नाहीं. १९१७ सालीं त्यानें आपल्या समीकरणांत एक पद मुद्दाम घातलें होतें, तें विश्व स्थिर राहावें म्हणूनच.

येथें वाचकांच्या मनांत एक शंका येईल. प्रकाशाहून अधिक वेग कशालाहि नाहीं, आणि दूरच्या दीर्घिका तर त्याहून अधिक वेगानें दूर जातात असें म्हणतात, हें कसें? एखाद्या वारकऱ्यानें पंढरीची वाट धरिली आहे अशी कल्पना करा. त्याला दिवसाला अमुक इतके कोसच चालतां येतें. पण त्याच्या पायांखालची आणि पुढची वाटच जर ठिकठिकाणीं थोडी थोडी वाढूं लागली, तर वाट जितकी लांब तितकी एकूण वाढ मोठी. पंढरी जवळ असेल तर तो पोहोंचेल. फार दूर असेल तर तो रोज चालत असतांहि अंतर वाढतच जाईल. येथें पंढरी चालत नाहीं आणि वारकरीहि थांबलेला नाहीं. वेगाची मर्यादा वाटेवरून चालणाऱ्याला आहे, वाटेच्या वाढण्याला नाहीं. सुमारें ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांच्या अंतराला सेकंदास ७० किलोमीटरच्या जवळपास, हा या वाढीचा आजचा दर आहे.

१९९८ सालीं स्फोट पावलेल्या दूरच्या ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या दोन स्वतंत्र मंडळ्यांना असें आढळून आलें कीं, हें प्रसरण मंदावण्याऐवजीं वाढत्या वेगानें चाललें आहे. त्याबद्दल २०११ सालीं नोबेल पारितोषिकहि देण्यांत आलें. यावरून निघणारें अनुमान गंभीर आहे. आजच्या मापनाप्रमाणें सुमारें १,६०० कोटि प्रकाशवर्षांपलीकडे ज्या दीर्घिका आहेत, त्यांच्यापासून आज निघणारा प्रकाश आपल्यापर्यंत कधींच पोहोंचणार नाहीं. त्यांचीं पूर्वीं टाकलेलीं पत्रें अजून वाटेवर आहेत आणि तीं येत राहतील. आज लिहिलेलें पत्र मात्र अनंत काळ चालूनहि येणार नाहीं. ही सीमा ओलांडून प्रत्येक क्षणीं नव्या नव्या दीर्घिका पलीकडे जात आहेत.

लॉरेन्स क्राउस आणि रॉबर्ट शेरर या दोन पदार्थशास्त्रज्ञांनीं २००७ सालीं हें अनुमान शेवटपर्यंत नेलें. दहा हजार कोटि वर्षें आणि त्याहूनहि पुढच्या काळाचा विचार करा. गुरुत्वाकर्षणानें एकत्र बांधलेला आपला लहानसा शेजार तेवढा उरलेला असेल. बाकीच्या सर्व दीर्घिका दिसेनाशा झालेल्या असतील. आणि ती आद्य ऊबहि इतकी ताणली व विरली असेल कीं, कोणत्याहि यंत्राला ती सांपडणार नाहीं. त्या काळीं एखाद्या ताऱ्याभोंवतीं बुद्धिमान् प्राणी जन्मास आले आणि त्यांनीं उत्तम दुर्बिणी बांधून आकाश धुंडाळलें, तर त्यांना काय दिसेल? एक तारकाद्वीप आणि त्याभोंवतीं अनंत रिता काळोख. विश्व स्थिर आहे, आपल्या द्वीपाबाहेर कांहीं नाहीं, असा निर्णय ते देतील. १९१७ सालच्या आपल्या विद्वानांचें मतहि बहुतेक असेंच होतें.

या चित्रांतील मर्मभेदक गोष्ट ही कीं, त्या प्राण्यांच्या हातून कसलाच प्रमाद घडलेला नसेल. ते आळशी नसतील, पूर्वग्रहदूषित नसतील, त्यांचें तर्कशास्त्र निर्दोष असेल. आणि तरीहि त्यांचा निष्कर्ष खोटा असेल. प्रामाणिकपणानें आणि कष्टानें शोधणाऱ्यास सत्य सांपडलेंच पाहिजे अशी आपली एक गोड समजूत आहे. तिला येथें बाध येतो. सत्य सांपडण्यास सचोटी आणि श्रम तर हवेतच, पण त्याशिवाय योग्य काळीं जन्मास येण्याचें भाग्यहि हवें. ज्ञानाच्या अभिमानाला याहून परिणामकारक औषध कोणतें असेल? जें आपण जाणतों त्यांतील बराच भाग आपल्या बुद्धीनें मिळविलेला नसून आपल्या जन्मकालानें दिलेला आहे.

आतां कोणी असें म्हणेल कीं, मग आपलीहि स्थिति तीच नसेल कशावरून? आपल्याहि आधीं कांहीं पुरावे दृष्टीआड झाले नसतील काय? हा आक्षेप रास्त आहे. आद्य ऊब निघाली त्यापूर्वींचें विश्व प्रकाशाला अपारदर्शक होतें, आणि त्या पडद्यापलीकडचें कोणत्याहि दुर्बिणीला दिसत नाहीं. आपल्या शास्त्रालाहि कोठेंतरी असा अभाव बाधत असेल ही शक्यता मान्य केलीच पाहिजे. परंतु यावरून ‘सर्वच अनिश्चित, म्हणून कोणाचेंहि म्हणणें सारखेंच’ असा सिद्धान्त काढणें हा विनय नव्हे. तो आळस होय. पत्रें कांहीं हरवलीं म्हणून हातीं आलेलीं पत्रें खोटीं ठरत नाहींत. आणि रिकाम्या जागेंत आपल्या मनाला येईल तें लिहिण्याचा परवानाहि त्यानें कोणाला मिळत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. दहा हजार कोटि वर्षांनंतर कोणाचा काय गैरसमज होईल याची चिंता आज घरखर्चाचा मेळ घालणाऱ्यानें कां करावी? त्याला उत्तर असें कीं, आकाशांत जें अफाट प्रमाणावर घडतें तें मनुष्याच्या इतिहासांत लहान प्रमाणावर नित्य घडत असतें. दर पिढीबरोबर पाहणारे डोळे मिटतात. दुष्काळ पाहिलेले जातात, सांथ पाहिलेले जातात, अन्याय सोसलेले आणि केलेलेहि जातात. आणि मागें राहिलेले तर्कशुद्ध विचार करून म्हणूं लागतात कीं, असें कांहीं झालें असेल हें संभवत नाहीं. त्यांनाहि दोष देतां येत नाहीं. दोष असेल तर ज्यांनीं पाहिलें आणि सांगितलें नाहीं त्यांचा.

येथें खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. समजा, आपला एखादा ग्रंथ त्या दूरच्या वंशजांपर्यंत पोहोंचला आणि त्यांत लिहिलेलें असलें कीं, ‘आम्ही अगणित दीर्घिका पाहिल्या आणि त्या दूर जात होत्या’, तर त्यांनीं त्यावर विश्वास ठेवावा काय? त्यांतील चिकित्सक म्हणतील, हीं पुराणांतलीं वांगीं पुराणांतच राहूं द्या. आम्हांला प्रत्यक्षानें दिसत नाहीं, अनुमानानें निघत नाहीं. राहतां राहिला शब्द, आणि नुसत्या शब्दावर कोण विसंबेल? आपल्या नैयायिकांनीं शब्दाला प्रमाण मानिलें तें आप्ताच्या शब्दाला. जो वस्तु यथार्थ जाणतो आणि जशी जाणली तशी सांगतो तो आप्त. म्हणजे ओझें ऐकणाऱ्याइतकेंच सांगणाऱ्यावरहि आहे. आपली साक्ष विश्वासास पात्र व्हावी अशा रीतीनें ती ठेवून जाणें हें पाहणाऱ्याचें कर्तव्य ठरतें.

अशी साक्ष कशी ठेवावी याचें एक जुनें उदाहरण आहे. १०५४ सालच्या जुलै महिन्यांत चीनच्या दरबारी ज्योतिष्यांना वृषभ राशींत एक नवा तारा दिसला. तो तेवीस दिवस भर उजेडींहि दिसत होता, आणि रात्रीं १०५६ च्या एप्रिलपर्यंत दिसत राहिला. त्या ज्योतिष्यांची आकाशाविषयींची कल्पना आज कोणीहि मान्य करीत नाहीं. त्या ताऱ्याचा त्यांनीं राजाच्या भाग्याशीं जोडलेला शुभ अर्थ तर कधींच विस्मृतींत गेला. परंतु तारा कोणत्या दिवशीं, कोठें, केवढा दिसला आणि केव्हां मावळला हें त्यांनीं स्वतंत्रपणें लिहून ठेविलें. पुढें सुमारें पावणेनऊशें वर्षांनीं खेंकड्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेला एक तेजोमेघ फुगत असल्याचें आढळलें. त्याच्या वाढीचा उलट हिशेब केला तेव्हां काल त्याच सुमाराचा निघाला, आणि १९२८ सालीं हबलनें त्या दोहोंचा संबंध जोडला. ताऱ्याच्या मरणाचा हा स्फोट आतां सर्वमान्य आहे. जें त्यांनीं ‘मानलें’ तें लोपलें; जें त्यांनीं ‘पाहिलें’ तें आपल्या कामीं आलें. पाहिलेलें आणि मानलेलें हीं त्यांनीं एकमेकांत कालवून टाकलीं असतीं, तर दोन्ही गेलीं असतीं.

साक्षीच्या शुद्धतेसाठीं आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे मतभेदाचीहि नोंद. या विषयांत आपल्या जयंत नारळीकरांचें स्मरण होणें साहजिक आहे. २०२५ सालीं दिवंगत झालेल्या या कोल्हापूरच्या सुपुत्रानें आपले गुरु फ्रेड हॉइल यांच्यासह महास्फोटाच्या कल्पनेला दीर्घकाल विरोध केला. बहुसंख्य शास्त्रज्ञ १९६५ नंतर दुसऱ्या बाजूस गेले, आणि पुराव्याचें पारडें आजहि त्याच बाजूला झुकलेलें आहे. पण नारळीकरांच्या विरोधाची रीत पाहण्यासारखी आहे. आद्य ऊब नाहींच असें त्यांनीं कधीं म्हटलें नाहीं. ताऱ्यांचें तेज अवकाशांतील लोखंडासारख्या धातूंच्या सूक्ष्म सुयांनीं शोषून घेऊन तिचें रूप घेतलें असावें, अशी दुसरी उपपत्ति त्यांनीं पुढें केली, आणि तिची परीक्षा व्हावी असा आग्रह धरिला. पुरावा मान्य करून अर्थाबद्दल भांडणें आणि अर्थ गैरसोयीचा म्हणून पुरावाच नाकारणें, या दोहोंत सज्जन आणि दुर्जन यांच्याइतकें अंतर आहे. भांडण प्रामाणिक असेल तर तेंहि पुढच्यांस देण्याजोगी संपत्ति होय. आजहि प्रसरणाचा दर दोन भिन्न रीतींनीं मोजला असतां एकीनें ६७ च्या व दुसरीनें ७३ च्या आसपास येतो. हा फरक झांकून ठेवण्याऐवजीं शास्त्रज्ञ तो उघडपणें छापीत आहेत, यांतच त्यांच्या साक्षीचें मोल आहे.

आपल्या पूर्वजांनीं मनुष्यावर जीं तीन ऋणें सांगितलीं त्यांत ऋषिऋण हें एक. तें अध्ययनानें आणि अध्यापनानें फेडावयाचें असतें, आणि ज्यांचें घेतलें त्यांना परत करतां येत नसल्यामुळें पुढच्यांना देऊनच फिटतें. लेव्हिटनें ज्या तबकड्या तपासल्या तशा पांच लाखांवर तबकड्या हार्वर्ड येथें जपून ठेविलेल्या आहेत, आणि ज्यांनीं त्या घेतल्या त्यांना ठाऊक नसलेल्या प्रश्नांचीं उत्तरें त्यांतून आज शोधलीं जात आहेत. ज्यानें तबकडी जपली त्याला तिचा उपयोग काय होईल हें समजण्याची गरज नव्हती. ती खरी आहे आणि तिच्यावर तारीख बरोबर घातली आहे, एवढें त्यानें पाहिलें.

त्या दूरच्या वंशजांपर्यंत आपला एकहि शब्द बहुधा पोहोंचणार नाहीं. पण कर्तव्य फलाच्या खात्रीवर अवलंबून असतें तर मनुष्यानें फारच थोडीं कर्तव्यें केलीं असतीं. आपल्यानंतर येणारी पिढी तर दहा हजार कोटि वर्षांवर नाहीं. ती शेजारच्या खोलींत अभ्यास करीत बसली आहे. आपण पाहिलेल्यापैकीं पुष्कळसें तिला दिसणार नाहीं. तिच्यासाठीं तें लिहून ठेवावें. जें पाहिलें तें पाहिलें म्हणून, जें मानलें तें मानलें म्हणून, आणि जेथें शंका आहे तेथें शंका म्हणून. सृष्टि दृष्टीआड होणें आपल्या हातीं नाहीं. तिची खरी हकीकत मागें ठेवणें तेवढें आहे.